अर्धी प्रदक्षिणा

फोटो तसा काही विशेष नव्हता. विटांची उंच भिंत, तिला वरून खाली गेलेला तडा आणि तड्याशेजारी माप कळावं म्हणून कुणीतरी धरलेली पिवळी फूटपट्टी. असे फोटो स्वातीच्या कॉम्प्युटरवर नेहमीच येत. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या रिंगरोडकडे तोंड करून असलेल्या त्या ऑफिसात बसून ती वर्षानुवर्षं झुकलेल्या, फुगलेल्या, भेगाळलेल्या जुन्या भिंतींची दुखणी ओळखत आली होती, आणि त्या कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. माणसांच्या बाबतीत तिने तसा दावा कधी केला नव्हता. एका हातात सँडविच धरून दुसऱ्या हाताने तिने फोटो मोठा केला, तडा कुठे रुंद होतो ते पाहिलं आणि मग उगाचच कोपऱ्याकडे सरकली. तिथे एक पान होतं. जाड, खरखरीत, पंजासारखं फाकलेलं. अंजिराचं पान. फोटोला वास नसतो हे तिला माहीत होतं, तरी तो हिरवट, दुधाळ, किंचित कडसर वास नाकात येऊन बसला आणि त्याच्या मागोमाग विझलेल्या तुपाच्या वातीचा. तिने सँडविच खाली ठेवलं. ईमेलच्या वरच्या ओळीत जागेचं नाव होतं: ऑल्डरकोट हॉल, किचन गार्डन, उत्तरेची भिंत. हे नाव तिने याआधी कधी वाचलं नव्हतं. त्यांच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. आई नुसतं 'वडाला' म्हणायची. उद्या वडाला जायचंय, लवकर ऊठ. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "यू ऑल राइट?" आणि स्वाती म्हणाली की हो, बघ ना, केवढा फुगवटा आलाय भिंतीला.

ऑल्डरकोट हॉल नावाचा हॉल आता नाही. युद्धात तिथे सैन्य राहिलं, मग छप्पर गळायला लागलं, मग मालकांना खर्च झेपेना, आणि पन्नासच्या दशकात कधीतरी ते अवाढव्य घर उतरवून त्याचे दगड, लाकूड, शिसं सगळं विकून टाकलं. राहिली ती घरामागची, चारी बाजूंनी उंच भिंती असलेली भाजीची आणि फळांची बाग. म्हणजे स्वयंपाकघर गेलं आणि स्वयंपाकघराची बाग तेवढी उरली. हिलरी नावाची एक उत्साही, रबरी बूट घातलेली बाई आता तिथल्या स्वयंसेवकांची म्होरकी होती. ती स्वातीला चिखलातून फिरवत सगळा इतिहास सांगत होती आणि स्वाती मान डोलावत होती. भिंतीला टेकवून, खिळ्यांनी ठोकून चपटी वाढवलेली पेअरची झाडं. फुटक्या काचघराचा सांगाडा. आणि ही उत्तरेची भिंत, आतून पोकळ. मागच्या शेडमध्ये भट्टी पेटवायची, तिचा धूर भिंतीच्या पोटातून नागमोडी फिरवायचा आणि वरच्या धुराड्यातून सोडायचा. एवढ्या थंडीत मालकांना पीच खायचे असत, म्हणून भिंतीला ताप आणत. त्याच पोकळीत आता पाणी मुरलं होतं आणि भिंत पोट काढून बागेकडे झुकली होती. फुगवट्याच्या बरोबर खाली अंजीर उभं होतं, तिच्या आठवणीपेक्षा दुप्पट, फांद्यांचे दोन्ही हात भिंतीवर पसरून. त्याच्या डाव्या हाताला भिंतीत एक दार, उजव्या हाताला दुसरं. "सगळे म्हणतात झाड काढायला लागेल," हिलरी म्हणाली. "तू 'गरज नाही' म्हणालीस तर मला फार बरं वाटेल." स्वातीने ओळंबा सोडला, तो स्थिर होण्याची वाट पाहिली, आणि म्हणाली की मी याआधी इथे आलेली आहे. का, कशाला, ते हिलरीने विचारलं. फळं घ्यायला, स्वातीने सांगितलं, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

ही जागा शोधली बाबांनी. पद्माकर मिरजेहून आले, गाड्यांच्या कारखान्यात तपासनीस झाले, आणि मागाहून अरुणा आली, तिच्या ट्रंकेत पूजेची उपकरणी आणि पितळी निरांजन. पहिली काही वर्षं वटपौर्णिमेला ती कागदावर वड काढून त्याची पूजा करायची. इतर दोन-तीन मराठी घरांतही तेच चालायचं, कारण कॉव्हेंट्रीत वड कुठून आणणार? तेव्हा ही बाग एका माळ्याने टोमॅटो आणि शेवंती लावायला भाड्याने घेतली होती. बाबा कारखान्यातल्या कुणाबरोबर तिथे टोमॅटो घ्यायला गेले आणि घरी येऊन म्हणाले, "तिथे अंजीर आहे. वडाच्याच जातीचं. चालेल की." हे वाक्य आईने पुढे अनेकदा सांगितलं, कारण ते बाबांनी आपण होऊन उच्चारलेलं, तिच्यासाठी उच्चारलेलं वाक्य होतं. माळी भला माणूस होता. वर्षातून एकदा एक बाई जरीची साडी नेसून येते, झाडाला हळदकुंकू लावते, पुढ्यात पीच ठेवते आणि जाताना ते त्यालाच देऊन जाते, यात त्याला आक्षेप घेण्यासारखं काही दिसलं नाही. अडचण एकच होती. झाड भिंतीला चिकटलेलं. त्याला प्रदक्षिणा घालायची कशी? आईने ती अडचण चुटकीसरशी सोडवली. झाडाला उजव्या हाताला ठेवून डाव्या दाराने बाहेर पडायचं, भिंतीमागून, शेडवरून चालत जायचं आणि उजव्या दाराने परत आत यायचं. झाडाबरोबर भिंतीलाही प्रदक्षिणा. सूत लांब लागणार, तर लांब घेऊ. स्वातीचं काम सुताचं टोक झाडापाशी धरून उभं राहायचं आणि निरांजन विझू द्यायचं नाही. बाबा रस्त्याकडे गाडीत पेपर वाचत बसायचे, कारण ज्याच्यासाठी व्रत करायचं त्याने तिथे लुडबुड करू नये असं त्यांचं म्हणणं होतं. आई फेऱ्या घालायला जायची आणि स्वातीच्या बोटांत सूत हळूहळू ताणलं जायचं, मग सैल पडायचं, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही.

बाबा कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. ते अबोला धरायचे. आमटीत मीठ जास्त झालं, आई शेजारणीशी दारात हसत उभी राहिली, मिरजेहून आलेलं पत्र तिने आधी फोडलं, आणि कित्येकदा तर कारण शेवटपर्यंत कळायचंच नाही. एक दिवस जेवणाच्या टेबलावर बाबा बोलेनासे व्हायचे आणि ते पुन्हा बोलेपर्यंत आठवडे जायचे. स्वयंपाकघर एवढंसं, तिघांच्या खुर्च्या एकमेकींना लागलेल्या, आणि त्यात बाबा म्हणायचे, "स्वाती, आईला सांग, चहा नको." आणि आई म्हणायची, "बाबांना विचार, डबा केलाय तो नेणार आहेत का." स्वाती निरोप पोचवायची. शाळेत इंग्रजी, घरी निरोप, त्यामुळे तिच्या मराठीला पुढे कधी अंग धरता आलं नाही, तो-ती-ते तर कायमचं चुकत राहिलं. ज्या गावात आपलं बोलणं समजणारा घरात एकच माणूस आहे तिथे त्या माणसाने गप्प बसणं ही काय चीज आहे, हे तिला फार उशिरा उमगलं, आणि उमगलं तेव्हा ती बाबांवर चिडली, मनापासून चिडली. ते सांगायचं मात्र राहूनच गेलं. आई तोवर आजारी होती आणि अचानक बाबा खूप बोलायला लागले होते, औषधांबद्दल, हवेबद्दल, नर्सच्या गावाबद्दल. आई गेल्यावर तर ते पोस्टमनलाही थांबवून बोलत. स्वातीला ते पाहून हसू यायचं आणि रागही.

ती नऊ वर्षांची होती तो उन्हाळा कडक होता. सगळं इंग्लंड गवतासकट पिवळं पडलं होतं, टोमॅटोवाला माळी डोकं धरून बसला होता. त्या वर्षीचा अबोला मेपासूनच चालू होता. स्वाती सुताचं टोक धरून झाडापाशी उभी होती, घाम पाठीवरून ओघळत होता, आणि तिचं लक्ष उजव्या दाराकडे गेलं. दाराच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. पूर्ण, न फाटलेलं, उन्हात चमकणारं. आणि सूत सगळं डाव्या बाजूला होतं. ती डाव्या दाराशी गेली, बाहेर डोकावली. सूत उंबऱ्यापलीकडे थोडंसं जाऊन गवतात पडलं होतं, त्यावर रीळ. भिंतीमागच्या शेडच्या पलीकडे मोकळं पिवळं माळरान, आणि त्या माळरानात नुसत्याच उभ्या असलेल्या रुंद दगडी पायऱ्या. वर दार नाही, घर नाही, पायऱ्या चढून गेलं तर पलीकडे पुन्हा गवत. त्यांतल्या मधल्या पायरीवर आई बसली होती, चपला काढून, पदर मांडीवर घेऊन, आणि बोलत होती. हातवारे करून, मान हलवून, मोठ्याने बोलत होती. "अहो, ऐकलंत का," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या गुजराथ्याने वांगी आणलीत, पण काय भाव लावलाय!" स्वातीला वाटलं बाबा आले. तिने मान आणखी बाहेर काढली. कुणी नव्हतं. शेडच्या भिंतीने एका बाजूचं दिसत नव्हतं, पण पायऱ्यांपुढे तरी कुणी नव्हतं. मग आईनेच आवाज जाड करून उत्तर दिलं, "घ्यायची ना मग. आपण काय उपाशी मरतो काय?" आणि आपल्याच उत्तराला हसली. मग दात पडलेली स्वाती, शाळेतली ती काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, बक्षीस मिळालेली चित्रं, मिरजेचं पत्र, पत्रातलं कुणाचं तरी मोडलेलं लग्न. मध्येच थांबून ती जाड आवाजात विचारायची, "हं, मग? पुढे काय झालं?" आणि पुन्हा आपल्या आवाजात पुढे काय झालं ते सांगायची. स्वाती परत येऊन झाडापाशी उभी राहिली. निरांजन विझलं होतं. थोड्या वेळाने आई डाव्या दाराने आत आली, गाल लाल झालेले, आणि म्हणाली, "झाल्या बाई सात." तिने वात पुन्हा पेटवली, स्वातीने सूत गुंडाळायला घेतलं, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही उजव्या दारातलं जाळं तसंच होतं.

भिंतीचं काम मिळाल्याचं तिने बाबांना सांगितलं ते पोळ्या घेऊन गेली तेव्हा. बाबा आता ऐंशीला टेकले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे कुरकुरणारे. त्याच घरात, त्याच टेबलाशी बसायचे, भिंतीवर वेम्बलीहून कुणाकडून तरी मागवलेली मराठी दिनदर्शिका.

"बाबा, तो जुना गार्डन आठवतो? टोमॅटोवाल्याची? तिथला भिंत पडायला आलाय. माझ्याकडे आलंय ते काम."

बाबांनी पोळीचा घास तसाच धरून ठेवला. "आणि झाड?"

"तो झाड बहुतेक काढायला लागेल. फुगवट्याच्या खालीच आहे. ते काढलं की भिंत उतरवून परत बांधता येते. सिम्पल."

"काढू नकोस," बाबा म्हणाले.

"मी काढत नाही, बाबा. मी फक्त रेकमेंड करते."

"तेच. तसं लिहू नकोस." घास ताटात ठेवून त्यांनी हात पुसला. "तुझ्या आईने त्या झाडाला प्रदक्षिणा घातल्यात. उन्हातान्हात, पावसात, एक वर्ष चुकवलं नाही. कुणासाठी? मी काही फार चांगला नवरा नव्हतो, ते तुला मी सांगायला नको. तरी तिने मागून घेतलं. सात जन्म. माझ्याजवळ तेवढं एकच आहे बघ आता. ते झाड माझ्या डोळ्यांदेखत पाडू नका."

ते हे बोलले आणि लगेच उठून दिनदर्शिकेपाशी गेले, चष्मा वर करून म्हणाले, यंदा अधिक ज्येष्ठ आहे, वटपौर्णिमा पार जूनच्या अखेरीला येते, शनिवारी, तुला सुट्टीच असेल, मला एकदा घेऊन जा तिकडे. स्वाती म्हणाली, नेते. आपल्या वडिलांनी स्वतःबद्दल एवढं खरं वाक्य बोलावं आणि ते नेमकं खोट्यावर उभं असावं, याचं तिला हसूही येईना आणि रडूही. सांगितलं तर म्हाताऱ्याचे सातही जन्म एका वाक्यात जातील. तिने तुम्हाला मागितलं नाही, बाबा, ती एकदाही त्या झाडाभोवती फिरली नाही. आणि नाही सांगितलं तर ते बिचारे कुठल्या तरी दवाखान्याच्या खाटेवर, पलीकडे आपली वाट पाहिली जातेय या भरवशावर डोळे मिटतील. मिटू देत, तिला वाटलं. मग वाटलं, का मिटू देत? आईला एवढी वर्षं गप्प बसवणाऱ्या माणसाला एवढं स्वस्तात का सोडायचं? ती भांडी घासून घरी गेली.

त्या महिन्यात पाऊस थांबता थांबेना. ऑफिसच्या काचेवरून पाणी वाहायचं आणि खाली रिंगरोडवर गाड्या दिवे लावून फिरायच्या. स्वाती भिंतीचे आकडे मांडत बसायची. खरं सांगायचं तर झाडाचा दोष नव्हताच. अंजिराची मुळं जुन्या माळ्यांनी विटांच्या खड्ड्यात कोंडली होती आणि ती अजून तिथेच, शहाण्यासारखी राहिली होती. दोष पोकळीत मुरलेल्या पाण्याचा. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत भरीव वाटते, आत मात्र काजळीने काळे झालेले रिकामे बोळ, आणि त्यांत वर्षानुवर्षांचं पाणी. अजय जाताना तिला असंच काहीसं म्हणाला होता. सहा वर्षं तो तिच्याबरोबर राहिला आणि मग लंडनजवळ पिनरला बहिणीकडे निघून गेला. "तू भांडत नाहीस गं," तो म्हणाला होता, "तू बंद होतेस. मला कळतही नाही मी काय केलं." तेव्हा तिने त्याला उत्तर दिलं नव्हतं, आणि उत्तर न देताना आपलं तोंड कसं दिसत असेल ते तिला अगदी स्पष्ट माहीत होतं, कारण लहानपणी ते तोंड तिने टेबलापलीकडे रोज पाहिलं होतं. हा विचार आला की ती आकड्यांकडे वळायची. आकड्यांना काही वाईट वाटत नाही.

तोडगा हिलरीने काढला. झाड राखायचं तर भिंत उतरवता येणार नाही, झाडाच्या दोन्ही अंगांना दगडी टेकू द्यावे लागतील, आणि त्या जातीचा दगड आता विकत घ्यायचा म्हणजे बाग सांभाळणाऱ्या ट्रस्टचं दिवाळं निघेल. "पण त्या पायऱ्या आहेत ना," हिलरी फोनवर म्हणाली, "हॉलच्या. तशाही त्या धोक्याच्या झाल्यात. त्याच घराचा दगड, त्याच बागेला. किती छान!" स्वातीला ते पटलं. पटलं म्हणजे एकदम हलकं वाटलं. झाड राहील, बाबांचे सात जन्म राहतील, आणि ती जागा, जिथे आईने आपलं गुपित बसवलं होतं, ती बिनबोभाट भिंतीत जिरून जाईल. कुणाला काही सांगायला नको. तिने रिपोर्ट लिहून काढला. फक्त पाठवायचा राहिला होता.

शनिवारी पाऊस उघडला, पण सगळं ओलं होतं. बाबांनी कोट घातला होता, आणि कोटाच्या खिशात अत्तराच्या बाटलीएवढी हळदीची आणि कुंकवाची पुडी. गाडीत ते रस्ताभर बोलत होते, हा पूल नवा आहे, इथे आधी पब होता, तुझ्या आईला या वळणावर नेहमी मळमळायचं. हॉलच्या जुन्या वाटेवर गाडी वळली तसे ते म्हणाले, "इथेच लाव. लिंबांच्या झाडांखाली. मी इथेच लावायचो." ही इंग्लंडातली 'लाइम', नावाचीच लिंबं, जुनी, उंच, एकही लिंबू न लागणारी. तिने गाडी लावली. बागेत हिलरीची माणसं बटाटे काढत होती, त्यांनी हात हलवले. बाबा काठी टेकत झाडापाशी गेले, त्याच्या करड्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, आणि पुरुषाने ते करावं का नाही याचा जराही विचार केल्यासारखं दिसलं नाही. मग हात झटकले. "बरं वाढलंय," ते म्हणाले. एखाद्या ओळखीच्याच्या मुलाबद्दल बोलावं तसं.

"राहणार आहे ते, बाबा," स्वाती म्हणाली. ही बातमी तिने मुद्दाम इथे सांगायला ठेवली होती. "काढायचं नाही. मी तसंच लिहिलंय. दोन्ही बाजूंनी दगडाचा टेकू द्यायचा."

"दगडाचा? एवढा दगड आणणार कुठून?"

"इथलाच. त्या बाहेर पायऱ्या आहेत ना, घराच्या. त्या काढून."

बाबा वळले. त्यांचा चेहरा तिने इतकी वर्षं पाहिला होता, रागावलेला, मिटलेला, अलीकडे बडबडा, पण असा घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

"कुठल्या पायऱ्या?"

"त्या एकच तर आहेत. त्या तशापण डेंजरस..."

"नाही," बाबा म्हणाले. "नाही, नाही. त्या नाही काढायच्या." आणि ते डाव्या दाराकडे निघाले, चिखलातून, काठी एकदा इकडे एकदा तिकडे पडत, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या घाईने. स्वाती त्यांच्यामागे धावली. शेडला वळसा घालून ते पायऱ्यांपाशी पोचले आणि खालच्या पायरीवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. "झाडाचं सोड गं. झाड पाडायचं तर पाडा. दगड पाहिजे तर मी देतो दगड, घर विकून देतो. या काढू नका."

स्वाती त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिला विचारायचं होतं, पण विचारायची गरज उरली नाही, कारण तिने समोर पाहिलं. पायऱ्यांच्या समोर, सरळ रेषेत, मध्ये एकही झुडूप नाही, अशी वाटेच्या वळणावर लिंबांखाली तिची गाडी उभी होती. काचेतून मागे पडलेली छत्रीसुद्धा दिसत होती. बागेच्या दारातून डोकावणाऱ्या मुलीला शेडमुळे ती जागा कधीच दिसली नव्हती. आयुष्यभर कुठून काय दिसतं, काय झुकलं, किती झुकलं हे मोजत आलेली ती, या पायऱ्यांवर आजवर कधी येऊन उभी राहिली नव्हती. इथे बसलेल्या माणसाला गाडी दिसते. गाडीत बसलेल्या माणसाला पायऱ्या दिसतात. आणि आईची नजर चांगली होती, सुईत दोरा ती शेवटपर्यंत चष्म्याशिवाय ओवायची.

"तुम्हाला माहिती होतं," स्वाती म्हणाली.

"इथे तर बसलेला असायचो. पेपर काय दरवर्षी तासभर वाचतो माणूस?" बाबांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले, आधी ऑपरेशनचा, मग दुसरा. "एक फेरी कधी घातली नाही तिने. यायची ती सरळ इथे बसायची."

"मग मला झाड वाचव कशाला म्हणालात?"

"मग काय सांगायचं तुला? तुझी आई सगळं नेमाने करायची, असं तुला वाटत होतं. तिचं ते कशाला मोडायचं मी? मेल्यावर?"

स्वाती पायरीवर बसली. दगड ओला होता, पँटमधून गार लागला. एवढी वर्षं दोघांनी एकाच बाईची एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून ठेवली होती, ती त्यांच्यासाठी आणि ते तिच्यासाठी, आणि त्यात केवढा म्हणून शहाणपणा मानला होता. रिपोर्टमधलं ते पान काढावं लागणार, हिलरीला समजवावं लागणार, दगड दुसरीकडून आणावा लागणार. त्या सगळ्याला वेळ होता.

बाबा उभेच होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, हे तिला काठीवरच्या त्यांच्या हातावरून कळलं. ते गाडीकडे पाहत बोलले.

"तिचं तोंड हलताना दिसायचं. हात दिसायचे. आवाज काही पोचायचा नाही तिथपर्यंत. दर वर्षी वाटायचं, उतरावं, जावं, विचारावं. चार पावलं तर आहेत. पण मग आपण अबोला धरलाय ना, आपण कसं आधी जायचं." ते थांबले. "एकदा तुला पाहिलं होतं मी. तिकडे, शेडच्या कोपऱ्याशी. नुसता फ्रॉक दिसला. तू जवळ होतीस. तुला ऐकू आलं असेल." आणि मग अगदी हळू, "शिव्या द्यायची का गं मला?"

स्वातीला गप्प बसता आलं असतं. तिचं तोंड त्या ओळखीच्या रीतीने मिटायला लागलंच होतं, ओठ आधी, मग जबडा. वडिलांना थोडा वेळ तसंच उभं ठेवावं, समोर उत्तराची वाट पाहत, न मिळणाऱ्या उत्तराची, म्हणजे कळेल, असंही तिला वाटलं. वाटलं हे खरं. बटाटे काढणारी माणसं भिंतीपलीकडे कशाला तरी हसली. बाबांनी पुन्हा डोळे पुसले.

"तुमच्याशी बोलायची," ती म्हणाली.

"माझ्याशी?"

"हो. अहो, ऐकलंत का, करून. वांगी, माझे दात, मिरजेचा पत्र, सगळं. आणि तुम्ही पण बोलायचात. म्हणजे तुमचं पण तीच बोलायची, मोठा आवाज काढून."

बाबा हळूच, गुडघ्यांवर हात देत, तिच्या शेजारी बसले.

"मी काय म्हणायचो?" त्यांनी विचारलं.

तिने घसा खाकरला. तो आवाज काढणं तिला जमेल असं वाटलं नव्हतं, पण तो घशात तयारच होता, जाड, खेळकर, बाबांच्या तोंडून कधीही न ऐकलेला.

"'हं, मग?'" स्वाती म्हणाली. "'पुढे काय झालं?'"